हातात वजन नसताना

लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात नेणाऱ्या माणसांना राग येत नाही, असा एक समज आहे. येतो. पण येतो तेव्हा नेमकं त्यांच्या हातात कोणाचं तरी कपाट असतं. जिन्याच्या वळणावर कपाटाचं खालचं टोक छातीवर घेऊन माणूस उभा असतो आणि वरून गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, भिंतीचा रंग नवा आहे हं!" त्या वेळी त्या माणसाच्या तोंडात जे येतं ते तो गिळतो. रागाने आधी गुडघा थरथरतो, मग पकड सुटते, आणि मग कपाट आपल्या आधी तळमजल्यावर पोचतं. म्हणून या धंद्यात पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात: हातात वजन असताना रागवायचं नाही. आधी वजन खाली, मग राग. आता वजन खाली ठेवेपर्यंत गिऱ्हाईक दार लावून आत गेलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

मुकादमाने हा नियम बावीस वर्षं पाळला होता. त्यामुळे गिऱ्हाइकांमध्ये तो फार शांत माणूस म्हणून प्रसिद्ध होता. घरी त्याच्या बायकोचं मत निराळं होतं. "अहो, तुम्ही शांत नाही," ती म्हणायची, "तुम्ही तुंबलेले आहात."

कंपनीची एक फुटबॉल टीम होती. ती शेठने काढली होती. शेठला फुटबॉलमधलं एवढंच कळत होतं की त्यात अकरा पाठी असतात आणि पाठीवर कंपनीचं नाव लिहिता येतं. मुकादम टीमचा कॅप्टन होता. गोलकीपर त्याचा मेहुणा होता. तो गोलकीपर का होता, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्याला काढलं असतं तर मुकादमाला घरी जेवण मिळालं नसतं. लेफ्ट बॅकला सगळे 'कोपरा' म्हणत, कारण बारा वर्षांत त्याने नेलेल्या प्रत्येक टेबलाचा एक कोपरा कुठे ना कुठे आपटला होता.

आठवड्याचे सहा दिवस मुकादमाला लोक "ओ, जरा इकडे" अशी हाक मारत. शनिवारी दुपारी मात्र शे-दीडशे माणसं "मुकादम! मुकादम!" असं ओरडत. ओरडणाऱ्यांत निम्मे टीममधल्यांचे नातेवाईक होते, हे खरं. पण नातेवाईक उरलेले सहा दिवस काय ओरडतात हे ज्याला माहीत आहे, त्याला या शनिवारची किंमत कळेल. ती नव्वद मिनिटं मुकादम कोणाचंही काहीही उचलत नसे.

आणि आता हे शनिवार जायची वेळ आली होती. हंगामाची शेवटची मॅच उरली होती. टीम वरच्या गटात तळाला, खालच्या गटात कोसळायच्या बेतात. एक पॉइंट मिळाला, म्हणजे मॅच नुसती बरोबरीत सुटली, तरी वाचणार होती. पण मॅच होती पहिल्या नंबरच्या टीमशी, आणि पहिल्या नंबरच्या टीमला अख्ख्या हंगामात कोणी हरवलं नव्हतं. त्यांनाही कप नक्की करायला एकच पॉइंट हवा होता. त्यांच्याकडे तो आल्यातच जमा होता.

शेठने सगळ्यांना गोडाउनमध्ये बोलावलं, खोक्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "हार-जीत महत्त्वाची नाही. खेळ महत्त्वाचा. खेळाडूवृत्ती महत्त्वाची." मग खोक्यावरून उतरता उतरता म्हणाला, "खालच्या गटात गेलात तर टीम बंद. खालच्या गटातल्या पाठी कोण वाचतं?"

टीम इतकी खाली का होती, याचं कारण मुकादमाला कधीच कळलं होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. जिन्यात सामान नेताना वरून-खालून माणसं येत-जात असतात. कोणी "बाजूला!" म्हणालं की सामानवाला पाठ भिंतीला लावतो, पोट आत घेतो आणि वाट देतो. विचार करून देत नाही. शब्द कानात शिरतो आणि पाठ भिंत शोधू लागते. हंगामाच्या मध्यावर कुठल्याशा टीमच्या विंगरने बॉल घेऊन पळताना आपल्याच माणसाला "बाजूला!" म्हटलं, आणि मुकादमाचे तिन्ही डिफेंडर पोटं आत घेऊन उभे राहिले. मैदानात भिंत नव्हती, तरी. विंगरला आधी वाटलं, काहीतरी सापळा आहे. मग त्याने गोल केला. ही बातमी गटात पसरायला आठवडा पुरला.

मुकादमाने उपाय करून पाहिले होते. बुधवारी संध्याकाळी सरावाला त्याने बायकोला बोलावलं. ती भाजीची पिशवी घेऊन मैदानाच्या मधोमध चालत आली आणि कडाडली, "बाजूला व्हा!" सगळी टीम दुभंगली. मेहुणा तर गोलपोस्टला पाठ लावून उभा राहिला.

"यांचं काही होणार नाही," ती म्हणाली. "हे आता हाडात गेलंय. माझ्या भावाला तरी दम द्या जरा."

"देतोच आहे गं. तो मला भावजी म्हणतो आणि हसतो."

शुक्रवारी सकाळी शेठने मुकादमाला बाजूला घेतलं. "एक मोठं काम आहे. चौथा मजला. तुझी चांगली सहा माणसं घे." मग आवाज खाली आणला. "घर कोणाचं आहे माहितीये? त्यांच्या स्ट्रायकरचं. नव्या घरात जातोय."

"उद्याच्या मॅचमधल्या?"

"हो. तर एवढंच कर, तुम्ही कोण ते बोलू नका. जर्सीबिर्सी घालून जाऊ नका. गिऱ्हाइकाला उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको."

मुकादमाच्या हातात त्या वेळी ट्रकचं मागचं फळकुट होतं. ते त्याने जागेवर बसवेपर्यंत शेठ ऑफिसात गेला होता.

लिफ्ट होती. लिफ्टच्या दारावर 'सामानासाठी नाही' अशी पाटी होती. नव्या घरात चढवायचं होतं काय, तर व्यायामाची यंत्रं. धावायचं यंत्र, ओढायचं यंत्र, आणि एका लाकडी पेटीत लोखंडी वजनं. माणसाने एका जागी उभं राहून उचलायची वजनं सहा माणसांनी चार मजले उचलून नेली, म्हणजे त्याला नंतर व्यायाम करता यावा.

स्ट्रायकर वाईट माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो जिन्यातून मोबाइलवर बोलत खाली-वर करत होता, आणि प्रत्येक वेळी "बाजूला हं, बाजूला," असं म्हणून, सहाजणांनी पोट आत घेतलं की "थँक्यू" म्हणून जात होता. दर वेळी म्हणत होता. आईने चांगलं वळण लावलेलं दिसत होतं.

शेवटी काचेचं कपाट आलं. उंच, जड आणि नाजूक. मुकादम खालच्या टोकाला, कोपरा वरच्या टोकाला. हा दिवस कोपऱ्याच्या आयुष्यातला एकमेव असा की कपाट कुठेही आपटलं नाही. ते भिंतीला लावलं, आणि स्ट्रायकर आपल्या हाताने त्यात कप मांडू लागला. पाच फळ्या भरल्या. सगळ्यात वरची रिकामी ठेवली.

"ते कपाट जरासं उचलून डावीकडे घेता का? हां, धरून ठेवा. बघतो मी लांबून."

तिघांनी कपाट धरून ठेवलं. कप हलू नयेत म्हणून श्वासही धरून ठेवला. स्ट्रायकर दाराशी जाऊन डोळे बारीक करून बघू लागला.

मेहुण्याला राहवलं नाही. "साहेब, वरची फळी रिकामीच?"

"ती उद्यासाठी आहे."

"उद्या मॅच आहे वाटतं?" मेहुण्याने अगदी भोळा चेहरा केला. तो त्याला करावा लागत नसे. "कोणाशी?"

स्ट्रायकरने खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठी घातली, छताकडे बघितलं. "तळातली आहे कुठली तरी टीम," तो म्हणाला. "नाव येईना आत्ता. आणखी थोडं डावीकडे घ्या ना."

घेतलं. मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तिथे तिला बाहेर पडायला जागा सापडली नाही, म्हणून ती पुन्हा तळपायात आली. गुडघा थरथरला. तीन कप खुळखुळले. "सांभाळून!" स्ट्रायकर ओरडला, आणि मुकादम, ज्याला त्या क्षणी ते कपाट चौथ्या मजल्यावरून कप, फळ्या आणि मालकासकट खाली द्यावंसं वाटत होतं, तो म्हणाला, "सॉरी साहेब."

जाताना स्ट्रायकरने प्रत्येकाला स्वतःचा एकेक फोटो दिला. सही करून. "मुलांना द्या, खूश होतील." मुकादम थँक्यू म्हणाला.

ट्रकमध्ये सगळे आपापला फोटो बघत बसले. कोपरा म्हणाला, "सही चांगली आहे पण."

"तू गप्प बस," मुकादम म्हणाला.

शनिवारी मैदानावर कधी नव्हे एवढी गर्दी. ती अर्थात पहिल्या नंबरच्या टीमसाठी होती. कप टेबलावर ठेवला होता, त्याला रिबीन बांधून तयार. शेठ त्या टेबलाशेजारीच खुर्ची टाकून बसला होता. फोटोत आपण यावं, कप कोणालाही मिळो, असा त्याचा हिशोब असावा. मुकादमाची बायको दुसऱ्या टोकाला बसली होती, आणि आपल्या भावाला गोलपोस्टपासून हलू नकोस म्हणून लांबूनच खुणा करत होती.

नाणेफेकीला स्ट्रायकर मुकादमासमोर आला. त्याने हात मिळवला, चेहऱ्याकडे बघितलं आणि ओळखलं नाही. जिन्यात त्याने मुकादमाची पाठ बघितली होती आणि पोट बघितलं होतं. चेहरा बघायचं काही कारण पडलं नव्हतं.

पहिला अर्धा तास मुकादमाची टीम बरी खेळली. म्हणजे बॉल त्यांच्याकडे नव्हता, पण ते त्याच्या मागे प्रामाणिकपणे पळत होते. मग स्ट्रायकरला मधोमध बॉल मिळाला. तो निघाला. समोर कोपरा होता. आणि स्ट्रायकर, डावपेच म्हणून की सवयीने कोण जाणे, म्हणाला, "बाजूला!"

कोपऱ्याने पाठ हवेला लावली, पोट आत घेतलं आणि वाट दिली.

"थँक्यू," स्ट्रायकर म्हणाला, आणि जाऊन गोल केला.

अर्ध्या वेळेला शून्याला एक. कपडे बदलायच्या खोलीत शेठने भिंतीवर सिंहाचं चित्र लावून ठेवलं होतं. खाली काहीतरी लिहिलं होतं, पण ते कोणी वाचलं नाही. सगळे बाकावर बसले होते. कोपरा टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता.

मेहुणा म्हणाला, "भावजी, तो थँक्यू म्हणाला."

"ऐकलं मी."

"गोल मारायच्या आधी म्हणाला. निदान नंतर तरी..."

"ऐकलं म्हणून सांगितलं ना!" मुकादम एवढ्याने ओरडला की बाहेर पाण्याच्या बाटल्या भरणारा माणूस थांबला. बावीस वर्षांत मुकादमाचा हा आवाज कोणी ऐकला नव्हता. खुद्द मुकादमानेही नाही. तो जरा दचकला, मग त्याला तो आवाज आवडला, म्हणून त्याने तो तसाच चालू ठेवला.

"काल त्याचं कपाट धरून उभा होतो. तो म्हणाला, तळातली आहे कुठली तरी टीम. मी काय म्हटलं? सॉरी साहेब म्हटलं! का म्हटलं? कारण हातात वजन होतं. बरोबर? काल कोणी उलट बोलला असता तर मीच त्याचे कान उपटले असते. पण आज?" त्याने कोपऱ्याच्या डोक्यावरचा टॉवेल ओढून काढला. "आज काय आहे तुझ्या हातात? दाखव. दाखवा रे सगळे हात!"

दहा माणसांनी हात पुढे केले. शाळेत नखं तपासायला करतात तसे. घट्टे पडलेले, एका बोटाला काळं नख असलेले, रिकामे.

"आहे काही?"

"नाही."

"पगाराचा माणूस आहेस का तू आत्ता?"

"नाही."

"भिंत आहे का मागे?"

कोपऱ्याने खरोखर मागे वळून बघितलं. मागे खोलीची भिंत होती. "इथे आहे," तो म्हणाला.

"मैदानात, गाढवा! मैदानात आहे का?"

"नाही."

"मग रागवा की! कधी रागवणार आहात? वाट कसली बघताय? मेल्यावर? तेव्हाही उचलायला दुसऱ्यालाच लावाल!"

याला काही प्रेरणादायी भाषण म्हणता येणार नाही. त्यात जिंकण्याबद्दल एक शब्द नव्हता. पण त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाने त्या आठवड्यात कोणाचा तरी सोफा तीनदा जागा बदलून पुन्हा पहिल्या जागी ठेवला होता.  सगळ्यांच्या नाकातून आवाज आले. ते सगळे एकदम उठले आणि सिंहाच्या चित्राकडे न बघता बाहेर गेले.

उत्तरार्धाला फुटबॉल म्हणणं हा फुटबॉलचा अपमान ठरेल. पहिल्या नंबरची टीम सुंदर खेळत होती. तळातली टीम रागावत होती. कोणीही "बाजूला" म्हणालं की तिथे एकाऐवजी तिघे येत. पंचाने पिवळी कार्डं काढली, मग काही वेळाने ती खिशात ठेवायचा कंटाळा केला आणि हातातच धरून फिरू लागला. एकदा मेहुणा गोल सोडून अर्ध्या मैदानापर्यंत धावत आला, विंगरला "हळू बोलता येत नाही का?" असं विचारलं आणि परत गेला.

शेवटची काही मिनिटं उरली होती तेव्हा मुकादमाच्या टीमला कॉर्नर मिळाला. बॉल आत आला, सात-आठ डोक्यांवरून गेला, आणि पहिल्या नंबरचा उंच डिफेंडर उडी मारणार तोच कोपरा त्याच्या पुढ्यात उभा राहिला. नुसता उभा राहिला. बॉल कोपऱ्याच्या कानाला, मग खांद्याला, मग गुडघ्याला लागला आणि गोलात गेला. बारा वर्षांत त्याने जे जे आपटलं होतं त्यातलं हे पहिलंच योग्य ठिकाणी आपटलं.

एकास एक. आता नुसतं टिकायचं होतं.

बरोबरीत त्यांचाही कप पक्काच होता. एखाद्या समजूतदार माणसाने उरलेला वेळ बॉल इकडेतिकडे खेळवत काढला असता. पण कोणाच्या कानाला लागलेल्या गोलामुळे बरोबरी, हे स्ट्रायकरच्या पचनी पडत नव्हतं. शेवटच्या मिनिटाला त्याने बॉल घेतला, दोघांना चुकवलं, आणि समोर फक्त मुकादम आणि त्याच्या मागे मेहुणा.

"बाजूला!"

मुकादमाच्या खांद्याने वळायला सुरुवात केली. मुकादमाला ते कळलं आणि त्याला संताप आला. स्ट्रायकरचा नाही, त्या खांद्याचा. बावीस वर्षं हा खांदा त्याच्या पगारावर जगत होता आणि ऐन वेळी दुसऱ्याचं ऐकत होता. त्याने दोन्ही पाय रोवले, जसे जिन्यात कपाटाखाली रोवतात, आणि छाती समोर ठेवली. स्ट्रायकर पूर्ण वेगात होता. वाट मिळणार याची त्याला इतकी खात्री होती की त्याने वळण घेतलंच नाही. तो मुकादमावर आदळला, मागे उडाला आणि बसला. बॉल घरंगळत मेहुण्याकडे गेला. मेहुण्याने तो उचलून पोटाशी धरला आणि डोळे मिटून घेतले.

पंचाची शिट्टी झाली. फ्री किक मुकादमाच्या टीमला.

स्ट्रायकर बसल्या बसल्या ओरडला, "अहो, पण तो बाजूला झाला नाही!"

"मग?" पंच म्हणाला.

"मी म्हणालो होतो त्याला!"

"तसा नियम नाही," पंच म्हणाला, आणि घड्याळ बघून मॅच संपवली.

टीम वाचली. कोपऱ्याला उचलून नाचवलं. उचलायची सवय असल्याने ते काम व्यवस्थित झालं. मुकादमाची बायको भावाच्या गळ्यात पडून रडली आणि मग नवऱ्याकडे येऊन त्याची बरगडी दाबून बघू लागली. तिकडे पहिल्या नंबरच्या टीमला कप मिळाला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. कप हातात आल्यावर स्ट्रायकरचाही राग गेला. तो येऊन मुकादमाच्या पाठीवर थाप मारून गेला. "मस्त मॅच!" त्याचं काहीच गेलं नव्हतं. रात्री तो शांत झोपणार होता.

मुकादमाचा राग मात्र गेला नाही. वजन खाली ठेवलं की राग येतो आणि थोड्या वेळाने ओसरतो, असा त्याचा अंदाज होता. पण हा राग जुना निघाला. एका मॅचमध्ये संपेल असा नव्हताच.

तेवढ्यात शेठ आला, हसत हसत. "शाब्बास! मला कळलं हं काय झालं ते. मेहुण्याने तुझ्या सांगितलं सगळं, फळीचं न् बिळीचं. राग! राग कामाला आला!" त्याने मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या डोक्यात आलंय. पुढच्या हंगामात दर मॅचच्या आदल्या दिवशी समोरच्या टीममधल्या कोणाचं तरी सामान हलवायचं. कामही होईल, रागही येईल. दोन्ही आपलंच."

मुकादमाने तो हात खांद्यावरून काढला आणि शेठच्या स्वतःच्या बाजूला नीट ठेवून दिला. नाजूक वस्तू ठेवतात तसा.

"शेठ, मॅचच्या आदल्या दिवशी ही अकरा माणसं एक उशीसुद्धा उचलणार नाहीत."

"अरे, पण..."

"सराव बुधवारी, कामाच्या वेळात. आणि पुन्हा कधी आम्हाला म्हणायचं नाही की तुम्ही कोण ते सांगू नका. आम्ही कोण ते आधी सांगायचं, मग दार उघडायला लावायचं."

शेठने भोवती बघितलं. नाच थांबला होता. सगळे जवळ आले होते. "हे बघ," शेठ समजुतीने म्हणाला, "तू आत्ता रागात आहेस. सोमवारी ये ऑफिसात. शांतपणे बोलू."

"सोमवारी सकाळी एक पियानो आहे, तिसरा मजला," मुकादम म्हणाला. "तो उचलला की मी पुन्हा समजूतदार होतो. म्हणून आत्ताच बोलायचं. इथेच."

"भावजी, सोमवारच्या त्या पियाण्याचं..." मेहुणा मध्ये काहीतरी बोलू पाहत होता.

"पियानो," बायको म्हणाली. "आणि गप्प बस. बोलू दे त्यांना."

शेठने आणखी एकदा सगळ्यांकडे बघितलं. सगळे अजून नाकातून श्वास घेत होते. मग त्याने आपली खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यात बसला. "बरं," तो म्हणाला. "बोल."

मुकादम उभाच राहिला आणि बोलू लागला. मैदानाचा राखणदार कुलूप घेऊन फाटकाशी आला, थोडा वेळ थांबला, आणि प्रकरण लवकर आटपणारं नाही हे बघून पायरीवर बसला. मुकादम अजून पहिल्या वर्षातल्याच गोष्टींवर होता.